हलक्या मोटारीचा साज



मोटार विकत घेणें म्हणजे बहुतेकांच्या दृष्टीनें एक तयार वस्तु घेणें होय. रंग कोणता, आसनें कापडाचीं कीं चामड्याचीं, एवढें ठरलें कीं निवड संपली. परंतु मोटारींची एक जात अशी आहे कीं, तिची खरी निवड मोटार पसंत केल्यानंतरच सुरू होते. बांध्यानें हलकी, दोन माणसांपुरती, रस्त्यावरहि चालणारी आणि शर्यतीच्या मार्गावरहि पळणारी अशी ही मोटार. तिच्या कारखान्याची यादी पाहिली म्हणजे घरांतलीं चार लग्नें पार पाडलेल्या माणसालाहि घाम फुटावा. आज मला या यादीसंबंधानें बोलावयाचें आहे. आणि बोलणें हवेंत राहूं नये म्हणून एकच मोटार डोळ्यांसमोर ठेवतों. ती म्हणजे इंग्लंडांतील केटरहॅम कंपनीची 'सेव्हन'.

कॉलिन चॅपमन या इंग्रज इंजिनियरानें आपल्या लोटस कारखान्यांतून १९५७ सालीं ही मोटार प्रथम बाहेर काढली. पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढें इंजिन, मागच्या चाकांना जोर, आणि यापलीकडे जवळजवळ कांहीं नाहीं. सुटे भाग विकत आणून ती घरीं जोडतां येई व त्यामुळें त्या काळचा खरेदी-कर वांचे. १९७३ सालीं तिचे हक्क केटरहॅमकडे गेले. चॅपमन १९८२ सालीं वारला. पण त्याची ही मोटार पुष्कळ सुधारणा पोटांत घेऊन, बाह्य रूप मात्र फारसें न पालटतां, अजून तयार होत आहे. आजहि ती सुट्या भागांच्या रूपानें मागवितां येते. अशा घरीं जोडलेल्या मोटारीला रस्त्यावर येण्यापूर्वीं तेथील सरकारी तपासणींतून उतरावें लागतें, एवढेंच.

आतां थोडा हिशेब करूं. सेव्हनच्या '४२०' या प्रकाराचें वजन कंपनीच्या सांगण्याप्रमाणें ५६० किलो व इंजिनाची शक्ति २१० अश्वशक्ति आहे. तींत ऐशीं किलोंचा चालक बसला कीं एकंदर वजन ६४० किलो झालें. म्हणजे सगळ्या वजनाचा आठवा हिस्सा माणसाचाच! अशा मोटारींत तुम्हीं वीस किलोंचा साज चढविला, तर पूर्वींचा चपळपणा टिकविण्यासाठीं सुमारें साडेसहा अश्वशक्ति अधिक लागते. बरें, ती शक्ति विकत घेतली, तरी तिचा उपयोग सरळ रस्त्यावर वेग वाढवितांना होणार. वळण घेतांना आणि ब्रेक लावतांना ते वीस किलो जसेच्या तसे अंगावर राहतात. आपल्याकडे शर्यतीचा छकडा घडविणारा सुतार लांकूड तासतांना जो विचार करतो, तोच चॅपमननें मोटारीच्या बाबतींत केला. यास्तव या यादींतील प्रत्येक वस्तूपुढें किंमतीच्या आंकड्याबरोबर वजनाचाहि आंकडा मनांत लिहावा.

हें सारें मला पहावें लागलें तें माझ्या भाच्यामुळें. तो इंग्लंडांत नोकरीस आहे. दहा वर्षें पैसे सांठवून त्यानें ही मोटार घेण्याचें ठरविलें आणि यादीच मजकडे पाठविली. "मामा, सगळें घेतलें तर मोटारीपुरते पैसे उरत नाहींत, आणि कांहींच न घेतलें तर पश्चात्ताप होईल," असें त्याचें म्हणणें. उंची सहा फुटांहून अधिक, कामावर जाण्यायेण्याला दुसरी मोटार आहे, आणि वर्षांतून चार-पांच वेळां 'ट्रॅक-डे'ला, म्हणजे शर्यतीच्या मार्गावर हौसेनें मोटार हांकण्याच्या दिवसाला, जावयाचें. ही माहिती यादीपेक्षां महत्त्वाची होती.

पहिल्यानें मीं त्याला सांगितलें कीं, जें मागाहून बदलतां येणार नाहीं तेंच आधीं ठरव. सेव्हनचा सांगाडा दोन मापांत मिळतो. मोठा सांगाडा, ज्याला कंपनी 'एस्‌व्ही' म्हणते, तो ११० मिलीमीटर अधिक रुंद आहे. सांगाडा एकदां झाला कीं झाला. तो कांहीं सदऱ्यासारखा उसवून वाढवितां येत नाहीं. लहान सांगाड्यांत पायांची जागा इतकी अरुंद असते कीं रुंद बूट घातल्यास एकाच वेळीं दोन पेडल दाबलीं जावींत. दुसरी वस्तु म्हणजे खालीं उतरविलेली बैठकीखालची जमीन. कागदावर ही क्षुल्लक दिसते. पण उंच माणसाच्या बाबतींत ती जिवाची गोष्ट आहे. मोटार उलटलीच, तर डोकें वांचवावयाचें काम बैठकीमागील पोलादी कमान करते. ती कमान शिरस्त्राणासह डोक्यापेक्षां पुरेशी उंच नसेल, तर तिचा उपयोग शोभेपुरता. म्हणून मोटारींत स्वतः शिरस्त्राण घालून बसावें आणि कमानीच्या माथ्यापासून पुढच्या भागापर्यंत एक सरळ काठी धरून पहावी. डोकें काठीखालीं राहिलें पाहिजे. भाचा विक्रेत्याकडे जाऊन बसला, तेव्हां त्याचें शिरस्त्राण साध्या कमानीवर चार बोटें दिसत होतें. त्याच दिवशीं मोठा सांगाडा, खालची जमीन आणि ट्रॅकसाठीं असलेली उंच कमान या तीन गोष्टी ठरल्या. उतरविलेल्या जमिनीला रस्त्यांतील गतिरोधक घासण्याचें भय असतें हें खरें; तेवढें सोसावें.

तिसरी गोष्ट म्हणजे मर्यादित घसरीचें डिफरन्शियल. मोटार वळतांना आंतल्या बाजूच्या मागच्या चाकावरचा भार कमी होतो. साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा कीं, तें कमी विरोध करणाऱ्या चाकालाच मोकळें सोडतें. मग आंतलें चाक जागच्या जागीं गरगरतें आणि इंजिनाची शक्ति धुरांत जाते. मर्यादित घसरीच्या यंत्रांत दोन्ही चाकांतील हा फरक आवरला जातो. तें मागाहून बसवितां येतें, परंतु त्यासाठीं मोटारीची मागची बाजू बरीच उकलावी लागते. ज्याला ट्रॅकवर जावयाचें आहे, त्यानें तें कारखान्यांतूनच घ्यावें.

समोरची कांच, उष्णतायंत्र आणि कापडी छप्पर यांबद्दल शुद्ध शर्यतवाले नाक मुरडतात. कांचेमुळें वारा अडतो व वजन वाढतें, हें नाकारतां येत नाहीं. परंतु ट्रॅकपर्यंत जावयाचें तें रस्त्यानेंच. इंग्लंडांतला पाऊस विचारून येत नाहीं. आणि थंडीनें बधिर झालेल्या हातांनीं चक्र नीट फिरत नाहीं. मीं तिन्ही ठेवावयास सांगितलीं. उलट कोळशाच्या तंतूंचा पुढचा फलक, खास शिलाई, चाकांचे निराळे रंग हीं केवळ नेत्रसुखाचीं साधनें आहेत. पैसे उरले तर घ्यावींत.

यानंतर ट्रॅकसाठीं करावयाच्या सुधारणा. येथें नवशिक्याचें लक्ष प्रथम इंजिनाकडे जातें आणि मग मोठमोठ्या ब्रेकांकडे. ब्रेकांचा विचार जरा सावकाशीनें करण्यासारखा आहे. ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारें यंत्र. सारख्याच वेगानें जाणाऱ्या ५६० किलोंच्या व १४०० किलोंच्या दोन मोटारी थांबविल्या, तर पहिलीची उष्णता दुसरीच्या दोन-पंचमांश भरते. तेव्हां जड मोटारवाल्यांचें पाहून हलक्या मोटारीला अवजड ब्रेक लावणें म्हणजे चाकांशीं नसतें वजन बांधणें होय. हलक्या मोटारीला धोका असतो तो बहुधा ब्रेकच्या द्रवाचा. हा द्रव हवेंतील ओलावा शोषून घेतो. 'डॉट ४' जातीचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळूं नये, असा नियम आहे. तोच ओला झाल्यावर १५५ अंशांची हमी उरते. द्रव उकळला कीं त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, बुडबुडे दाबले जातात, आणि पाय दाबूनहि पेडल तळाला जाऊन बसतें. शंभर मैलांच्या वेगांत हा अनुभव घेण्यासारखा नाहीं. ताजा, उंच उत्कलनबिंदूचा द्रव आणि उष्णता सोसणारे पॅड, एवढा खर्च सगळ्यांत आधीं करावा. तो साऱ्या यादींत जवळजवळ सर्वांत स्वस्त आहे, आणि कदाचित् म्हणूनच त्याबद्दल कोणी उत्साहानें बोलत नाहीं.

दुसरी बिनवजनाची सुधारणा म्हणजे चारी चाकांवरील भाराची जुळणी. घरांतला चौरंग डुगडुगूं लागला कीं आपल्याला कळतें, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवरच भार आहे. मोटारीचें तसेंच होतें, फक्त स्प्रिंगांमुळें तें डोळ्यांना दिसत नाहीं. मग डावें वळण ती गोड घेते आणि उजव्या वळणाला हट्ट करते. चार चाकांखालीं चार वजनकांटे ठेवून, चालकाच्या जागीं चालक बसवून, स्प्रिंगांच्या बैठका थोड्या वरखालीं करून ही जुळणी करतात. चालक एकंदराचा आठवा हिस्सा आहे हें आपण पाहिलेंच. त्याला बाहेर उभा ठेवून केलेली जुळणी फुकट. मोटारीच्या स्वभावांत यानें जो फरक पडतो, तो पुष्कळदां महागड्या शॉक ॲब्सॉर्बरांनीं पडत नाहीं.

शर्यतीच्या मऊ टायरांबद्दल माझें मत कित्येकांस आवडणार नाहीं. पहिलें वर्ष ते घेऊंच नयेत. साधा टायर सुटण्यापूर्वीं ओरडतो व हळूहळू सुटतो. मऊ टायर पुष्कळ वेळ धरून ठेवतो, मग फारशी सूचना न देतां सोडतो, आणि तोंवर वेग बराच झालेला असतो. शिवाय थंड ओल्या रस्त्यावर त्याचा भरंवसा कमी. त्याचा आणखी एक परिणाम इंजिनापर्यंत पोंचतो. पकड वाढली कीं लांब वळणांत तेल एका बाजूला चढतें, आणि सेव्हनचें तेलपात्र जमिनीपासून दूर राहावें म्हणून उथळ केलेलें असतें. तेल ओढणाऱ्या नळीला हवा मिळाली, तर इंजिनाचे बेअरिंग क्षणांत जाते. म्हणून मऊ टायर घेणाऱ्यानें तेल निराळ्या टांकींत ठेवणाऱ्या योजनेचा, म्हणजे 'ड्राय संप'चाहि खर्च धरावा.

खांद्यांवरून येणारा चार ठिकाणीं जखडलेला पट्टा व अंगाला घट्ट धरणारें आसन मात्र पहिल्या दिवसापासून असावें. शरीर स्थिर असेल तरच मोटार काय सांगते तें कळतें. आवाजाचीहि चौकशी करावी. इंग्लंडांतील अनेक मार्गांवर धुराच्या नळीपासून अर्ध्या मीटरावर आवाज मोजतात, आणि १०५ डेसिबल किंवा त्याहून कमी अशी मर्यादा असते. ती ओलांडणारी नळी हौसेनें बसविली, तर पैसे भरून दिवसभर कुंपणाबाहेर उभें राहावें लागतें. रस्त्यावरचा नेहमीचा विमाहि ट्रॅकवर बहुधा लागू होत नाहीं. तो निराळा काढावा.

इंजिनाची शक्ति वाढविण्याचा विचार भाच्यानें सोडून दिला. ते पैसे त्यानें एका चांगल्या शिक्षकाच्या दोन दिवसांच्या शिकवणीसाठीं बाजूला ठेवले आहेत. आसनें, कमान, डिफरन्शियल, ब्रेकचे पॅड हीं सारीं यादींत लाल शाईनें पक्कीं झालीं. रंगाचा रकाना मात्र अद्याप कोरा आहे. भाच्याला ॲल्युमिनियम उघडेंच ठेवून रंगाचें वजन वांचवावयाचें आहे, आणि सूनबाईंचें म्हणणें असें कीं बिनरंगाची मोटार दारांत उभी करणार नाहीं.