जखम भरल्यानंतर
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानमालेत माझ्या आधी संतसाहित्यावर आणि नाट्यसंगीतावर विद्वानांची भाषणे झाली. त्यांच्यामागून एका शल्यचिकित्सकाने भाजलेल्या रुग्णांविषयी बोलावे, असे कार्यवाहांनी सुचवले तेव्हा मी संकोचलो होतो. परंतु या वास्तूत मी शाळकरी वयापासून येत आहे, आणि याच इंदुरात माझी तीस वर्षे भाजलेल्या रुग्णांच्या सहवासात गेली. तेथे शिकलेल्या धड्यांपैकी शेवटचा धडा डॉक्टरांपेक्षा आपल्यासारख्या नागरिकांच्या हाती अधिक आहे. तो सांगण्यासाठीच आज उभा आहे.

भाजण्याचा अभ्यास आपल्याकडे जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यक्‌दग्ध आणि अतिदग्ध असे चार प्रकार सांगितले आहेत. आजचा डॉक्टरही प्रथम हेच पाहतो की, जखम किती खोल गेली. त्यानंतर तो पाहतो, शरीराचा किती भाग भाजला. 1951 साली वॉलेस यांनी सांगितलेला नऊचा नियम त्यासाठी उपयोगी पडतो. प्रौढ माणसाचे डोके व मान मिळून नऊ टक्के, एक हात नऊ टक्के, एक पाय अठरा टक्के, असा हा हिशेब. त्वचा हे केवळ शरीराचे वेष्टन नव्हे. ती शरीरातले पाणी राखते, उष्णता सांभाळते आणि जंतूंना बाहेर ठेवते. ती मोठ्या प्रमाणावर नष्ट झाली की हृदय, मूत्रपिंड आणि फुप्फुसे यांनाही त्याची झळ पोहोचते.

माळव्यातल्या थंडीत आंघोळीच्या कढत पाण्याने पोळलेली मुले आमच्याकडे हमखास येत. कोणाच्या अंगावर टूथपेस्ट, कोणाच्या हळद, कोणाच्या तर चक्क शाई! शाईवर माझे प्रेम आहे, पण तिची जागा कागदावर. भाजलेल्या जागी हवे ते साधे, गार, वाहते पाणी, आणि तेही वीस मिनिटे. ऑस्ट्रेलियातील 2,495 मुलांच्या नोंदींचा अभ्यास 2020 साली प्रसिद्ध झाला. ज्या मुलांना भाजल्यापासून तीन तासांच्या आत वीस मिनिटे पाण्याचा उपचार मिळाला, त्यांच्यात त्वचारोपणाची गरज पडण्याचा संभव सुमारे 40 टक्क्यांनी कमी आढळला. बर्फ मात्र लावू नये. त्याने त्वचेची हानी वाढते. लहान मुलाच्या अंगाचा मोठा भाग भाजला असेल, तर उरलेले अंग उबदार ठेवून त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे.

संशोधन म्हटले की आपल्यासमोर परदेशातील प्रयोगशाळा उभी राहते. भाजण्याच्या बाबतीत काही मोलाचे काम आपल्याच परिसरात झाले आहे. मुंबईच्या वाडिया बालरुग्णालयात डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग वापरले आणि 1985 साली त्याचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. साल जखमेला ओलावा देते, जखम कोरडी पडू देत नाही, आणि ती मिळते फुकट. पुढे शीवच्या रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे यांनी निर्जंतुक केलेल्या केळीच्या पानाची याच सालींशी तुलना केली. पान जखमेला चिकटत नाही, त्यामुळे ते काढताना रुग्ण कळवळत नाही. ज्याने दररोजचे ड्रेसिंग पाहिले आहे, त्यालाच या एका वाक्याचे मोल कळेल. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सुब्रह्मण्यम यांनी मधाची चाचणी घेतली. 104 रुग्णांचे दोन गट केले. एकाला मधाचे ड्रेसिंग, दुसऱ्याला सिल्व्हर सल्फाडायझिनचे. 1991 साली ब्रिटिश शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात ते निष्कर्ष आले आणि मधाची बाजू वरचढ ठरली. नंतरच्या समीक्षकांनी अशा काही चाचण्यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले. ते योग्यच झाले. आजीबाईचा बटवा आणि वैद्यकशास्त्र यांत फरक पडतो तो येथे. शास्त्र औषधाच्या उगमाकडे तुच्छतेने पाहत नाही, पण तुलना केल्यावाचून त्यावर विसंबतही नाही. म्हणून माझी विनंती एवढीच, की हे ऐकून घरच्या बरणीतला मध कोणी जखमेवर ओतू नये.

खोल भाजण्याच्या उपचारात मोठे परिवर्तन घडवले ते एका स्त्री शल्यचिकित्सकाने. पूर्वी जळालेली त्वचा आपोआप सुटून येण्याची आठवडेच्या आठवडे वाट पाहत असत, आणि तेवढ्यात जंतुसंसर्ग रुग्णाला गाठत असे. तेव्हाच्या युगोस्लाव्हियातील मारिबोर येथे झोरा यानझेकोविच यांनी पहिल्या काही दिवसांतच मृत त्वचा थराथराने, खालून रक्ताचे ताजे थेंब दिसेपर्यंत काढली आणि लगेच त्वचारोपण केले. त्यांचा निबंध 1970 साली प्रसिद्ध झाला. आज ही रीत जगन्मान्य आहे. पण शरीराचा निम्माशिम्मा भाग जळालेल्या माणसाने स्वतःची त्वचा आणावी कोठून? तेथे मृत दात्याची त्वचा उपयोगी पडते. ती कायमची टिकत नाही. दोन-तीन आठवडे जखम झाकते आणि तेवढ्या काळात रुग्ण सावरतो. मुंबईत शीवच्या रुग्णालयात 2000 साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, दात्याच्या घरी जाऊनही त्वचा घेता येते. रक्तगट जुळावा लागत नाही. नेत्रदानाचे अर्ज आपण भरतो, त्यांच्या शेजारी याही दानाचा विचार व्हावा.

आता माझ्या एका चुकीविषयी सांगतो. अनेक वर्षांपूर्वी रॉकेलच्या स्टोव्हने भाजलेली एक तरुण शिक्षिका माझ्याकडे आली होती. मान आणि छाती भाजली होती. त्वचारोपण उत्तम झाले. ‘जखम पूर्ण भरली’ असे मी समाधानाने लिहिले आणि तिला घरी पाठवले. आठ महिन्यांनी ती परत आली तेव्हा तिची हनुवटी छातीला जखडलेली होती. भरलेली जखम पुढे कित्येक महिने आतून आखडत राहते. मान सरळ ठेवणारा स्प्लिंट, दाब देणारे घट्ट कपडे आणि रोजचा व्यायाम यांविषयी मी तिला धड काही समजावलेच नव्हते. ती चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिची किंमत तिने दुसऱ्या शस्त्रक्रियेने मोजली.

जखम बंद झाली म्हणजे शरीर सावरले असे नसते, हे संशोधनानेही दाखवले आहे. मोठ्या भाजण्यानंतर शरीराचा जाळ विझतच नाही. हृदय जलद धडधडत राहते, स्नायू झिजत जातात. 2001 साली अमेरिकेतील गॅल्व्हेस्टन येथील संशोधकांनी, शरीराचा 40 टक्के किंवा त्याहून अधिक भाग भाजलेल्या मुलांकडून बारा आठवडे देखरेखीखाली व्यायाम करवून घेतला. त्यांच्या स्नायूंचे बळ लक्षणीय वाढले. आहार आणि व्यायाम हे येथे पथ्य नसून औषधच आहे.

परंतु त्या शिक्षिकेने दुसऱ्या खेपेस सांगितले ते कोणत्याही चाचणीत मोजलेले नव्हते. घरातला आरसा काढून ठेवला होता. मुले घाबरतील म्हणून शाळेने तिला वर्गातून काढून कार्यालयात बसवले होते. आणि वाचनालयात जाणे तिने सोडले होते. पुस्तके भाऊ बदलून आणी. “डॉक्टरसाहेब, मान आता वर होईल. पण ती वर करून पाहायचे कोणाकडे?” असे तिने विचारले. माझ्याकडे उत्तर नव्हते.

ते उत्तर मला पुढे इंग्लंडमधील ईस्ट ग्रिनस्टेड या लहान गावाच्या इतिहासात सापडले. दुसऱ्या महायुद्धात जळालेल्या वैमानिकांवर तेथे आर्चिबाल्ड मॅकिंडो शस्त्रक्रिया करीत. समुद्रात पडलेल्या वैमानिकांच्या जखमा चांगल्या भरतात, हे ध्यानी घेऊन त्यांनी खाऱ्या पाण्याचे स्नान सुरू केले. 1941 साली त्या रुग्णांनी आपले मंडळ काढले आणि त्याला थट्टेने ‘गिनीपिग क्लब’ हे नाव दिले. मॅकिंडोंनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी गावकऱ्यांना विनंती केली, की या मुलांना घरी बोलवा, त्यांच्याकडे टक लावून पाहू नका, नजरही चुकवू नका. गावाने ते मनावर घेतले. अर्धवट घडवलेल्या चेहऱ्यांनी ते तरुण गावात हिंडत, आणि लोक त्यांच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत. ‘टक लावून न पाहणारे गाव’ अशी त्याची ख्याती झाली.

वाचकहो, त्या शिक्षिकेला पुन्हा वर्गात उभे राहण्यास आणखी दोन वर्षे लागली. त्यांतले शस्त्रक्रियेचे तास मोजकेच होते. उरलेला काळ आपल्या सर्वांच्या नजरेशी झगडण्यात गेला. शंभर वर्षे या ग्रंथालयाने जात, वय, मिळकत न विचारता प्रत्येकाच्या हाती पुस्तक दिले. उद्या एखादा भाजलेला चेहरा त्या देवघेवीच्या खिडकीशी आला, तर त्यालाही इतरांसारखेच विचारा, “मागचे पुस्तक कसे वाटले?” आमचे शास्त्र जेथे संपते, तेथून पुढचा उपचार हाच आहे.