धोका आणि जोखीम
(ज्युबिलीच्या आठवड्यांत कामकरी मंडळींच्या मेळाव्यांत केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या निमित्तानें आमच्याकडून एखाद्या गोड विषयाची अपेक्षा आपण केली असेल. परंतु ह्या सभेंत बसलेल्यांपैकीं कोणी परांचीवर चढून काम करितात, कोणी विजेच्या तारा जोडितात, कोणी कारखान्यांत रात्रपाळीस जातात. आणि पहाटे डबा घेऊन निघालेला मनुष्य ज्या घरीं सायंकाळीं परत आला नाहीं, अशा घरीं जाण्याचे प्रसंग आम्हांवर आले आहेत. म्हणून त्याच विषयावर आज दोन शब्द बोलणार आहों.

विहिरीचें खोल पाणी हा धोका होय. तें बारा महिने तेथेंच असतें. परंतु कठडा नसलेल्या त्या विहिरीकांठीं मूल खेळूं लागलें, म्हणजे जोखीम उत्पन्न झाली. जोखणें म्हणजे तोलणें. अपाय होण्याचा संभव किती, आणि झालाच तर तो केवढा, ह्या दोन्ही गोष्टी तोलून पाहाव्या लागतात. पुष्कळ लोक पहिलीच पाहतात आणि दुसरी विसरतात.

आपल्या मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदींत १४ एप्रिल १९४४ रोजीं काय झालें तें पाहा. ‘फोर्ट स्टिकिन’ नांवाच्या जहाजांत सुमारें १४०० टन दारूगोळा होता, आणि कराचीस त्याच जहाजांत कापसाच्या हजारों गांठी चढविण्यांत आल्या. कापूस घराघरांतल्या गाद्यांत असतो. त्यास कोणी भीत नाहीं. तोच दारूगोळ्याशेजारीं गेला. दुपारीं धूर दिसला, बंब आले, पाणी मारणें चालू राहिलें. चारच्या सुमारास पहिला स्फोट झाला आणि अर्ध्या तासानें दुसरा. शेंकडों माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यांत आग विझविण्यास गेलेले ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस आपल्या देशांत अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळतात. युद्धाची निकड होती, हें खरें. परंतु निकड कोणास नसते? आपल्या कंत्राटदारासही असतेच.

अपघात झाला कीं, ‘देवाची इच्छा’ म्हणणारे पुष्कळ. सिलोहाचा बुरूज पडून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते काय, असें प्रभूनेंच लोकांस विचारिलें होतें, आणि नाहीं असें उत्तरही दिलें होतें. तेव्हां मेलेल्याच्या पदरीं पाप बांधूं नये, आणि आपला निष्काळजीपणा देवाच्या माथींही मारूं नये.

उपायांसही एक क्रम आहे. धोका मुळांतून काढतां येत असेल तर तो आधीं काढावा. न काढतां आल्यास मध्यें आडोसा घालावा. त्यानंतर कामाचे नियम. आणि शिरस्त्राण, पट्टा, हातमोजे हे सर्वांत शेवटीं. आपल्याकडे ह्याच्या नेमकें उलट चालतें. ह्या वर्षीं घंटाघराची रंगरंगोटी झाली तेव्हां जवळून जाणारी विजेची तार आम्हीं दोन दिवस बंद ठेवविली. पंखे बंद राहिल्याबद्दल कित्येकांनीं आम्हांस बोल लाविला. तो आम्ही आनंदानें ऐकून घेतला.

परंतु हें शहाणपण आम्हांस आधींपासून होतें असें समजूं नका. चार वर्षांपूर्वीं पाद्रीघरामागील मैल्याची टांकी उपसावयाची होती. उपसणाऱ्या गाडीचें भाडें फार, म्हणून कोणी एक मजूर आणिला. सदरा काढीत तो म्हणाला, “फादर, वीस वर्षें उतरतोंय, कांहीं झालें नाहीं.” आम्हीं मान डोलाविली. ती मान डोलाविल्याचें शल्य अद्याप गेलेलें नाहीं. अशा टांकींत हायड्रोजन सल्फाइड नांवाचा वायु सांचतो. तो थोडा असतां सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार झाला म्हणजे नाकच बधिर होतें, आणि वास येत नाहीं म्हणून मनुष्य निर्धास्त होतो. मग दोनचार श्वासांत तो कोसळतो. त्याच्या वीस वर्षांनीं आधींच्या टांक्यांविषयीं सांगितलें. ह्या टांकीविषयीं अक्षरही सांगितलें नव्हतें. शिवाय अशा रीतीनें मनुष्यास टांकींत उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें मनाई आहे, हेंही आम्हांस ठाऊक नव्हतें.

इतक्यांत कारखान्यांत कामास असलेला आपल्याच गांवचा एक तरुण तेथें आला. त्यानें मजुराचा दंड धरिला आणि आम्हांस म्हणाला, “फादर, हा आंत पडला तर ह्याला काढायला मी उतरेन. मग मला काढायला कोण उतरणार? तुम्ही?”

अशा टांकींत वा पडक्या विहिरींत एकामागून एक जे मरतात, त्यांतील पुष्कळ जण वांचविण्यास धांवलेलेच असतात. सख्खा भाऊ आंत पडलेला दिसत असतां वर थांबणें किती कठीण, तें आम्ही जाणतों. तरीही उतरूं नका. शक्य असेल तर वरूनच हवा सोडा, लोकांस दूर ठेवा, आणि १०१ वर अग्निशमन दलास बोलवा.

त्या दिवशीं अखेर गाडी आली. गल्लींत शिरेना, म्हणून रस्त्यावर उभी राहून लांब नळीनें तिनें टांकी उपसली. भाडें मजुरीच्या चौपट पडलें. मजुरासही त्याचा रोज दिला. दोन्ही रकमा धर्मग्रामाच्या हिशेबवहींत लिहिलेल्या आहेत. ज्यांस पाहावयाच्या असतील त्यांनीं पाद्रीघरीं येऊन पाहाव्या.