माजलगावचं 'वऱ्हाड' आणि हौशी रंगभूमी

लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' आठवतंय ना? एकच नट आणि पन्नासहून अधिक पात्रं! देशपांडे गेल्यावर त्यातली मराठवाडी बोली रंगमंचावर जिवंत ठेवली ती आपल्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी. अशी माणसं घडतात हौशी रंगभूमीवर. दिवसभर नोकरी, शेती, दुकान सांभाळायचं आणि रात्री तालमी करायच्या! राज्य शासनाची हौशी नाट्यस्पर्धा तर अशा कलावंतांसाठीच आहे. संगीत नाटकं आणि बालनाट्यं यांच्या स्पर्धा वेगळ्या. हौशी स्पर्धेत आधी प्राथमिक फेरी, मग अंतिम. मंडळींनो, या नाटकांना तिकीट काढून जा, आणि मुलांनाही सोबत न्या.