पंगतीतलं मधलं पान

(रेडिओवरील भाषण)

मला विषय दिला आहे जपानमधल्या कागावा प्रांताचा इतिहास आणि भूगोल. दोन्ही, आणि मिनिटं मोजकी! तेव्हा आधीच सांगून टाकतो, मी तळ्यांवर बोलणार आहे. बाकीचं वेळ उरला तर.

शिकोकू बेटाचा ईशान्य कोपरा म्हणजे कागावा. जुनं नाव सानुकी. जपानच्या ४७ प्रांतांत क्षेत्रफळाने सगळ्यात लहान, १,९०० चौरस किलोमीटरही भरत नाही.

आता मला सांगा, लग्नाच्या पंगतीत तुम्ही कधी बरोब्बर मध्ये बसला आहात का? दोन वाढपी दोन टोकांनी निघतात. टोकाच्या पानांवर जिलब्यांचा ढीग पडतो आणि तुमच्यापाशी येईतो दोघांचीही परात रिकामी. 'आणतो हं' म्हणून जातात ते जातातच. कागावा म्हणजे हे मधलं पान. उन्हाळ्यात दक्षिणेचं वारं पॅसिफिकवरून पाणी घेऊन येतं आणि शिकोकूच्या डोंगरांपलीकडे, तिकडच्या कोची प्रांतालाच वाढून मोकळं होतं. हिवाळ्यात उत्तरेचं वारं येतं, ते आपलं बर्फ समुद्रापलीकडच्या चुगोकू भागातल्या डोंगरांवर ठेवून येतं. कोची शहरात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर कागावाच्या ताकामात्सु शहरात अकराशेच्या आसपास. पुण्याच्या माणसाला अकराशे थोडे वाटणार नाहीत. पण तिथे भात पिकवायचा आहे आणि नद्या आखूड, उतारावरून धावत सुटणाऱ्या. पाऊस पडला की पाणी बघता बघता समुद्रात.

मग मधल्या पानावरच्या शहाण्याने काय करावं? द्रोण मांडून ठेवावेत. वाढपी कधी नव्हे तो आला की भरून घ्यावेत. कागावात असे बारा हजारांच्या वर द्रोण आहेत. 'तामेइके' म्हणतात त्यांना, म्हणजे साठवणीची तळी. क्षेत्रफळाच्या मानाने एवढी दाट तळी जपानात दुसरीकडे कुठे नाहीत.

त्यातला सगळ्यात मोठा द्रोण मान्नो तळं. घेर सुमारे २० किलोमीटर, पोटात १ कोटी ५४ लाख घनमीटर पाणी. आठव्या शतकाच्या सुरुवातीला ते बांधलं. पुढे बांध फुटला आणि सरकारी अधिकाऱ्याला काही तो उभा करता येईना. तेव्हा प्रांताच्या कारभाऱ्यांनी दरबाराला कळवलं की कूकाइला पाठवा, त्याच्या शब्दावर माणसं जमतील. हा कूकाइ बौद्ध भिक्षू, याच मातीतला, जन्म ७७४चा. चीनला जाऊन बौद्ध शास्त्र शिकून आलेला, संस्कृत मंत्र सिद्धम् लिपीत गिरवलेला. ८२१ साली तो आला, माणसं जमली, बांध झाला. बांधाला पाण्याच्या अंगाने बाक दिला होता, कमानीसारखा.

इथे बहुतेक जण टाळ्या वाजवतात आणि गोष्ट संपवतात. मला राग येतो तो इथेच. अहो, पुढचं ऐका! ११८४ साली पुरात तो बांध पुन्हा फुटला आणि साडेचारशे वर्षं तसाच राहिला. साडेचारशे! तळ्याच्या पोटात शेतं झाली, गाव वसलं, त्याचं नावही 'तळ्यातलं गाव'. शेवटी निशिजिमा हाचिबेइ नावाच्या कारभाऱ्याने १६३१ साली तळं पुन्हा उभं केलं. १८५४ साली भूकंपानंतर ते परत फुटलं, ते १८७० साली भरलं. म्हणून म्हणतो, बांधलं कोणी हे विचारू नका, राखलं कोणी ते विचारा. बांधणाऱ्याचं नाव एक असतं, राखणाऱ्यांची नावं कुणी लिहीत नाही.

राखायचं म्हणजे नुसती माती टाकायची नव्हे. वाटून घ्यायचं. सानुकीत पाण्याची पाळी उदबत्तीवर मोजत. ज्याची जमीन जेवढी, तेवढी त्याची उदबत्ती. ती जळून संपली की पाणी पुढच्याच्या शेतात. पंगतीत काय, शेतात काय, दुसऱ्याचा द्रोण भरेपर्यंत आपला हात आवरता आला पाहिजे.

बरं, मग १९७३ साली असा दुष्काळ पडला की लोक 'ताकामात्सुचं वाळवंट' म्हणू लागले. पुढे दोनच वर्षांत डोंगराखालून आठ किलोमीटरचा बोगदा आणि कालवा पुरा होऊन शेजारच्या प्रांतातल्या योशिनो नदीचं पाणी वाहू लागलं. शेजारच्या पानातली जिलबी मिळाली म्हणा ना. पण शेजारचं पान भरलेलं असेल तोवरच! १९९४ साली त्या नदीवरच्या सामेउरा धरणाचा साठा शून्यावर आला. ताकामात्सुत दिवसातले पाचच तास नळाला पाणी. मग आठवण कुणाची झाली? जुन्या पाळ्यांची आणि तळ्यांची. पण तळं काही आठवणीने भरत नाही. नळ आला म्हणून द्रोण टाकून दिले, तर त्या दिवशी पाणी घेणार कशात? शेतकरी म्हातारे होताहेत, तळ्यांची संख्या घटते आहे... पुन्हा सांगतो, कंटाळू नका, राखलं कोणी ते विचारा.

काचेपलीकडून खूण झाली. म्हणजे कोन्पिरा देवस्थानाच्या ७८५ पायऱ्या राहिल्या. शोदोशिमा बेटावर १९०८ साली लावलेले ऑलिव्ह राहिले. आधी एहिमे प्रांतात घातलेला कागावा १८८८ साली, सगळ्या प्रांतांत शेवटी, वेगळा कसा झाला तेही राहिलं. आणि उदोन! पाणी कमी म्हणून गहू पिकवला आणि त्या गव्हाच्या शेवया उकळायला मात्र हंडे हंडे पाणी लागतं, ही गंमत तर...

असो. एवढंच सांगतो. दरवर्षी १५ जूनला मान्नो तळ्याची मोरी उघडतात. पूर्व विदर्भातले श्रोते तिला तुडूम म्हणतील. ती बघायला माणसं बांधावर येतात. पाणी उसळून बाहेर पडतं आणि खालच्या शेतांतून भाताच्या लावणीला लागतं. जपानला जाल तर फुजी पर्वत जरूर बघा, तो कुणी राखला नाही तरी उभा राहील. पण एक दिवस त्या बांधावरही जा. माझी उदबत्ती संपली. आता पुढच्याची पाळी.