गोल्फ क्लबचे मैदान आणि आपण
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



बचतगटांच्या वस्तूंचे प्रदर्शन यंदा गोल्फ क्लबच्या मैदानावर भरवावे, अशी सूचना गेल्या बैठकीत आली होती. तिला मी विरोध केला, तेव्हा कित्येकींना नवल वाटले. त्याची कारणे आज सांगते.

हे मैदान त्र्यंबक रस्त्याला लागून, भर शहरात आहे. गोल्फ क्लब हे नाव इंग्रजी अमदानीतले, साहेबलोकांच्या खेळावरून पडलेले. साहेब गेले, पण रिक्षावाल्याला अजून तेच नाव सांगावे लागते. खरे नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. २१ डिसेंबर १९०९ रोजी आपल्या विजयानंद नाट्यगृहात कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. त्या रात्री ‘शारदा’ नाटक होते. कोवळ्या मुलीला जरठाच्या गळ्यात बांधण्याविरुद्ध लिहिलेले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली. कान्हेऱ्यांना तेव्हा अठरावे वर्ष उलटून तीन महिने झाले होते. आपल्या घरातली मुले त्या वयात बारावीच्या क्लासला जातात.

या मैदानाचा उपयोग किती प्रकारचा! जानेवारी २०२५ मध्ये येथे रणजी सामना झाला आणि महाराष्ट्राने बडोद्याला ४३९ धावांनी हरवले. पुढाऱ्यांच्या सभा होतात. जानेवारी २०२१ मध्ये मुंबईला निघालेले शेतकरी येथेच जमले होते. सभा होऊ नयेत असे मी म्हणणार नाही. माणसांनी जमायचे तरी कोठे? पहाटे फिरायच्या वाटेवर आपल्यातल्याच निम्म्याजणी भेटतात. (काहीजणींचे पाय कमी आणि तोंड जास्त चालते, ते असो.)

पण मंडप घालायचा म्हणजे खांब रोवणे आले. मालमोटारी आत आल्या की चाकोऱ्या पडतात. मंडप निघतो, खड्डे राहतात. चेंडूमागे धावणाऱ्या मुलाचा पाय त्यात गेला की घोटा सुजलाच. खिळा आणि कागदी द्रोण कोण वेचणार? आपण घर सारवून घेतल्यावर त्यावर कोणी चपला घालून गेले, तर आपल्याला चालते का? खेळाची जमीनही अशीच राखावी लागते. पाणी, रोलर, गवत. एका दिवसाची नासधूस भरून यायला आठवडे लागतात.

आणि यात मुलींचे अधिक जाते. मुलगे गल्लीत, रस्त्यावर, कोठेही खेळून घेतात. मुलीला मोकळी जागा मिळाली नाही की ती घरात बसते आणि आपण तिला पोळ्या लाटायला बोलावतो. पोलीसभरतीत मुलींना १०० आणि ८०० मीटर धावावे लागते, शिवाय गोळाफेक. ८०० मीटरचा सराव गच्चीवर होत नाही. आपल्याच जिल्ह्यातली, सिन्नरची माया सोनवणे २०२२ साली महिलांच्या टी-ट्वेंटी चॅलेंज स्पर्धेत व्हेलॉसिटी संघातून खेळली. तिच्या हातचा लेगस्पिन कोणाच्या दिवाणखान्यात तयार झालेला नाही.

म्हणून माझी सूचना अशी. प्रदर्शन एखाद्या शाळेच्या फरसबंद आवारात किंवा कार्यालयात भरवावे. भाडे थोडे जास्त पडेल, हे हिशेब ठेवणाऱ्या बाईंनी मला आधीच ऐकवले आहे. आणि मैदानावर मंडळातर्फे आठवड्यातून एक संध्याकाळ मुलींच्या खो-खोसाठी मागून घ्यावी. २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद एवढीच जागा लागते. तेथेही दोन खांब रोवावे लागतात, हे कोणी म्हणायच्या आत मीच सांगते. पण ते खेळाचे खांब आहेत. मुली एकट्या जाणार नाहीत, तेव्हा आपल्यापैकी दोघीतिघींनी पाळीने बरोबर जावे.

अर्जाचा मसुदा मी आणला आहे. चहाच्या वेळी सह्या कराव्यात, आणि मुलींची नावे वयासह मागच्या टेबलावरील वहीत लिहावीत. सुनांची नावेही चालतील.