लिलावाची गाडी: बोली कुणाच्या नावावर?



कडक भाकरी आणि शेंगाची चटणी अक्कलकोटहून सोलापूरला न्यायची, तर कमाईतला मोठा वाटा टेम्पोभाड्यात जातो. म्हणून गटानं लिलावातली जुनी गाडी घ्यावी का, असं बैठकांमध्ये विचारलं जातं. आता बहुतेक लिलाव ऑनलाइन होतात. त्यात बोली कोण लावू शकतं, ते आज आम्ही सांगतो.

कर थकल्यामुळे आरटीओनं जप्त केलेल्या आणि हप्ते थकल्यामुळे बँकेनं ओढून आणलेल्या गाड्यांच्या लिलावात सर्वसाधारण माणसाला भाग घेता येतो. वय 18 वर्षे पूर्ण हवं. आधार, पॅन, मोबाईल नंबर आणि बँक खातं तयार ठेवा. मुदतीत ऑनलाइन नोंदणी करून अनामत रक्कम भरावी लागते. काही ठिकाणी डिजिटल स्वाक्षरीही मागतात. बोली लागली नाही तर अनामत परत मिळते. पण बोली जिंकून उरलेले पैसे भरले नाहीत, तर ती सहसा जप्त होते.

सरकारी गाड्यांचं वेगळं आहे. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी पुढे चालू राहत नाही. त्या मोडीत काढायच्या असतात. त्यांच्यासाठी बोली फक्त नोंदणीकृत वाहन भंगार केंद्रं लावतात. स्वस्त दिसली तरी ती गाडी आपल्यासाठी नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ज्याच्या नावानं नोंदणी, त्याच्याच नावानं विक्रीचा कागद निघतो आणि गाडीही त्याच्याच नावावर चढते. बचत दहाजणींची आणि फोन भावजींना जमतो म्हणून नोंदणी त्यांच्या नावानं, असं करू नका. आपला गट बहुधा कायद्यानं नोंदलेली संस्था नसतो. म्हणून एका सभासद ताईचं नाव बैठकीत ठरवा. कुणी किती पैसे घातले, गाडी कोण चालवणार, विकली तर वाटा कसा, हे ठराववहीत लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. फोन चालवायला भावजी बसले तरी नाव ताईचंच राहू दे.

गाडी ‘जशी आहे तशी’ मिळते, नंतर तक्रार चालत नाही. पाहणीच्या दिवशी ओळखीचा मेकॅनिक घेऊन जा. इंजिन आणि चासी नंबर यादीशी जुळवा. आरटीओच्या लिलावातली गाडी ताब्यात आली की 30 दिवसांत फॉर्म 32 भरून आरटीओकडे नावावर करण्याचा अर्ज द्या. सोबत विक्रीचा कागद आणि विमा लागतो.

व्हॉट्सॲपवर ‘स्वस्त लिलाव’ म्हणून लिंक आली, तर आधी जाहिरातीत दिलेल्या कार्यालयात चौकशी करा. अनामत कुणाच्या खासगी खात्यावर टाकू नका, ओटीपी सांगू नका. फसगत झालीच तर लगेच 1930 वर फोन करा.

पुढच्या बैठकीत गाडीचा विषय निघाला, तर किमतीच्या आधी नावाचं ठरवा.