आघाडीचा खेळाडू आणि त्याची रोजी



आजच्या व्याख्यानाचा विषय महंमद हबीब या आघाडीच्या फुटबॉलपटूची कारकीर्द हा आहे. हबीब यांनी जवळजवळ सारी कारकीर्द आपल्या या शहरात घालवली, आणि 'भारताचा पहिला खराखुरा व्यावसायिक फुटबॉलपटू' असे त्यांचे वर्णन पुष्कळांनी केले आहे. या वर्णनातील 'व्यावसायिक' हा शब्द आपण फार सहजपणे उच्चारतो. त्याचे मोल किती, हे नीट उमगावे म्हणून प्रथम आपल्याला थोड्या वेळापुरते इंग्लंडच्या उत्तर भागात जावे लागेल. तेथे हाच शब्द एका खेळाची दोन शकले करून गेला.

तो खेळ म्हणजे रग्बी. यॉर्कशायर आणि लँकेशायर परगण्यांत हा खेळ खेळणारे बहुसंख्य लोक खाणीत, गिरणीत किंवा गोदीत राबणारे होते. शनिवारचा सामना दूरगावी असला की कामाचा खाडा होई आणि रोज बुडे. बुडालेल्या रोजाची भरपाई मिळावी, एवढीच त्यांची मागणी होती. रग्बी संघटनेतील दक्षिणेकडील सुखवस्तू मंडळींनी १८९३ साली ती फेटाळली. खेळासाठी पैसा घेणे हे त्यांच्या दृष्टीने खेळाला बट्टा लावणे होते. ज्याला महिन्याच्या खर्चाची विवंचना नाही, त्याला असे तत्त्व फारसे जड जात नाही! अखेर २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात उत्तरेकडील क्लबांचे प्रतिनिधी जमले व त्यांनी वेगळी चूल मांडली. तिच्यातूनच पुढे 'रग्बी लीग' हा तेरा खेळाडूंचा खेळ उदयास आला. १८९८ मध्ये तेथे खेळाडूला उघडपणे मोबदला देण्यास मान्यता मिळाली; मात्र त्याला दुसरा नियमित कामधंदा असलाच पाहिजे, अशी अट काही वर्षे कायम होती.

या खेळातील तेरांपैकी सहा जण आघाडीचे. चेंडू छातीशी घट्ट धरून समोरच्या भिंतीसारख्या फळीत घुसायचे, खाली पडायचे, उठायचे आणि पुन्हा घुसायचे. प्रतिपक्षाकडे चेंडू गेला की त्याच्या अंगावर झेपावून त्याला खाली पाडायचे. ऐंशी मिनिटे हेच. टाळ्या बहुधा पाठीमागच्या वेगवान गड्याला मिळतात. आघाडीवाल्याच्या वाट्याला ठेचाळलेले खांदे येतात. तेव्हा ज्याचे शरीर हेच भांडवल आहे, आणि तेही दहाबारा वर्षांत झिजणारे, त्याने त्याचे दाम मागावे की मागू नये? हडर्सफील्डच्या बैठकीपुढील प्रश्न वस्तुतः हा होता.

आपल्या शहराचा रग्बीशी संबंध आला तो निराळ्या रीतीने. १८७२ च्या नाताळात येथील इंग्रजांनी रग्बीचा सामना खेळला आणि पुढच्याच वर्षी कलकत्ता फुटबॉल क्लब स्थापन केला. परंतु येथील उकाड्यात तो खेळ रुजेना. चारपाच वर्षांत सभासद पांगले. तेव्हा क्लबाने बँकेतील शिल्लक चांदीच्या रुपयांच्या रूपाने काढली, ती वितळवून नागाच्या आकाराच्या मुठींचा एक चषक घडवला आणि १८७८ मध्ये तो इंग्लंडमधील संघटनेला अर्पण केला. इंग्लंड आणि स्कॉटलंड आजही ज्या 'कलकत्ता कप'साठी झुंजतात, तो हाच. म्हणजे रग्बी गेला, त्याची चांदीही गेली. मागे उरला तो पायाने खेळायचा फुटबॉल, आणि त्याच्याबरोबर साहेबांचे एक तत्त्व: सभ्य माणूस खेळासाठी पैसा घेत नाही.

२९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असे नमवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, त्या दिवसापासून फुटबॉल हा बंगाली माणसाच्या स्वाभिमानाचा विषय झाला. एक सोडून मोहन बागानचे सारे खेळाडू अनवाणी होते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. त्यांच्या घरची चूल कशी पेटत होती, हे विचारण्याचे मात्र आपल्याला सुचले नाही. स्वाभिमानाच्या लढाईत मजुरीचा विषय काढणे काहीसे अप्रशस्त वाटत असावे.

पोट तर कुणालाच चुकत नाही. त्यामुळे या शहराने एक मधला मार्ग काढला. तो मार्ग म्हणजे कचेरीतील खुर्ची. रेल्वे, बंदर, सीमाशुल्क खाते अशा ठिकाणी खेळाडूला नोकरी द्यायची; कागदोपत्री तो कारकून वा निरीक्षक, आणि दुपारनंतर मैदानावर. क्लबाकडून हाती पडेल त्याला पगार म्हणायचे नाही. ऑलिंपिकमध्ये तेव्हा केवळ हौशी खेळाडूंनाच प्रवेश असल्याने व्यावसायिक अशी नोंद कुणालाही परवडणारी नव्हती. हा मार्ग सर्वस्वी दांभिक होता, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. प्रदीपकुमार बॅनर्जी यांचे उदाहरण पाहा. १९५४ मध्ये ते जमशेदपूरहून येथे आले, एक मोसम आर्यन क्लबाकडून खेळले, आणि १९५५ पासून पूर्व रेल्वेचे झाले ते कायमचे. मोहन बागान, ईस्ट बंगाल किंवा महमेडन स्पोर्टिंग यांपैकी कोणाचाही सदरा अंगात न घालता ते रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार झाले. १९५८ मध्ये पूर्व रेल्वेने कलकत्ता लीग जिंकली. त्या तीन बड्या क्लबांबाहेरचा विजेता त्यानंतर थेट २०१९ मध्ये लाभला. तुलसीदास बलराम यांची कथा अधिक हृद्य आहे. सिकंदराबादहून आलेला हा असामान्य आघाडीपटू ईस्ट बंगालकडून खेळून पुढे बंगाल-नागपूर रेल्वेच्या संघात गेला आणि तिशी गाठण्यापूर्वीच फुप्फुसाच्या विकाराने त्याचा खेळ संपला. खेळ संपला, तरी रेल्वेची नोकरी हाताशी होती. खुर्चीचे मोल अशा वेळी कळते.

हबीब यांनी नेमकी हीच खुर्ची नाकारली.

१७ जुलै १९४९ रोजी हैदराबादेत जन्मलेले हबीब १९६६ मध्ये ईस्ट बंगालकडे आले, तेव्हा ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. पुढील सुमारे अठरा वर्षांत ते ईस्ट बंगाल, मोहन बागान आणि महमेडन स्पोर्टिंग अशा तिन्ही क्लबांकडून खेळले. नोकरीचे प्रस्ताव त्यांच्याकडे आले नाहीत असे नव्हे. चांगल्या, निवृत्तिवेतनाच्या नोकऱ्या चालून आल्या. त्यांनी त्या घेतल्या नाहीत. आपले काम फुटबॉल खेळणे हे आहे, त्याचेच पैसे घ्यावेत आणि त्यासाठीच दिवस खर्चावा, ही त्यांची धारणा. दुपारी हजेरीपटावर सही करून मैदान गाठणारा मनुष्य आणि सकाळपासून खेळाचाच विचार करणारा मनुष्य यांच्यातील अंतर सामन्याच्या अखेरच्या दहा मिनिटांत दिसते.

ते अंतर प्रेक्षकांना दिसत असे. हबीब उंचीने बेताचे. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झालेला, समोर वजनदार बचावपटू. अशा वेळी चेंडू गेला म्हणून थांबणे त्यांना ठाऊक नव्हते. आघाडीचा खेळाडू असूनही ते मागे धावत जाऊन चेंडू हिसकावून आणीत. रग्बी लीगमधील आघाडीवाल्याची जी राबणूक मी मघाशी सांगितली, तिच्याशी त्यांच्या खेळाचे नाते मला अधिक जवळचे वाटते. नजाकतीचे कौतुक करणाऱ्या आपल्या शहराने या राबणाऱ्या खेळाडूलाही डोक्यावर घेतले, ही आनंदाची गोष्ट आहे. धाकटे भाऊ महंमद अकबर हेही येथे खेळू लागल्यावर थोरले 'बडे मियाँ' झाले, आणि पुढे सारे मैदान त्यांना त्याच नावाने हाक मारू लागले.

१९७० मध्ये बँकॉकच्या आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने कांस्यपदक मिळवले, त्या संघात हबीब होते. १९७२ मध्ये प्रदीपकुमार बॅनर्जी ईस्ट बंगालचे प्रशिक्षक झाले. त्या वर्षी या क्लबाने लीगमध्ये एकही गोल होऊ दिला नाही. रेल्वेची खुर्ची स्वीकारलेला मनुष्य प्रशिक्षक आणि ती नाकारलेला मनुष्य आघाडीवर, असा हा योग होता. १९७७ मध्ये दोघेही मोहन बागानमध्ये होते. २४ सप्टेंबर १९७७ रोजी ईडन गार्डन्सवर न्यूयॉर्कच्या कॉसमॉस संघाशी सामना झाला. सारे शहर पेले यांना पाहण्यासाठी लोटले होते. सामना २-२ असा बरोबरीत सुटला; मोहन बागानचा एक गोल श्याम थापा यांचा, दुसरा हबीब यांचा. समोरचा संघ जगभरातून दाम मोजून जमवलेल्या व्यावसायिकांचा होता. आपल्या अकरा जणांत त्याच अर्थाने व्यावसायिक म्हणावा असा एक मनुष्य होता, आणि त्याच्या पायांनी त्या दिवशी गोल नोंदवला. त्याच मोसमात मोहन बागानने शील्ड, ड्यूरँड आणि मुंबईचा रोव्हर्स करंडक असे तिन्ही मान पटकावले. १९८० चा अर्जुन पुरस्कार हबीब यांना मिळाला.

तथापि खुर्ची नाकारण्याची किंमत असते. उत्तर इंग्लंडात एखाद्या क्लबाकडे दहा वर्षे खेळलेल्या खेळाडूसाठी मदतीचा सामना भरवण्याची प्रथा पडली आणि उतारवयाची थोडीफार तरतूद होऊ लागली. आपल्याकडे व्यवसाय उघडपणे मान्यच नव्हता, तेव्हा त्यासाठीची तरतूद कोण करणार? राष्ट्रीय लीग सुरू झाली ती १९९६ मध्ये. हबीब यांनी बूट काढून ठेवल्याला तोवर दहा वर्षे उलटून गेली होती. ज्या वर्षांत त्यांचे सहखेळाडू कचेरीत हजेरी लावीत होते, त्या वर्षांचे निवृत्तिवेतन त्यांच्या नावे जमा झाले नाही. मैदानावर कमावले तेवढेच त्यांचे.

पुढे त्यांनी जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत तरुणांना शिकवले. उतारवयात ते हैदराबादला परतले. कंपवाताने त्यांचे शरीर जखडले आणि स्मृतीही विरत गेली. १५ ऑगस्ट २०२३ रोजी, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत बलराम गेले होते, आणि त्यापूर्वी, मार्च २०२० मध्ये, प्रदीपकुमार. दोघांनी रेल्वेची नोकरी पत्करली होती, एकाने कुणाचीच पत्करली नाही. तिघांपैकी शहाणा कोण ठरला, असे मला व्याख्यानांनंतर तरुण श्रोते नेहमी विचारतात. मी त्यांना उलट विचारतो, की तुमच्या पाड्यातील आघाडीला खेळणारा मुलगा उद्या नोकरी सोडायची म्हणाला, तर त्याच्या आईला तुम्ही काय सांगाल?